सूर धरणाऱ्याची नाडी

माझ्या एम.फिल.च्या निरीक्षणांच्या वहीत एक आकडा पेन्सिलीने खोडलेला आहे. शेजारी माझ्याच नेटक्या अक्षरात शेरा आहे : 'उपकरण सदोष'. उपकरण सदोष होते हे खरे. पण आकडा खोटा नव्हता, आणि ज्या माणसाच्या दंडावरून तो घेतला होता त्याला मी तो सांगितला नाही. पुढे दोन महिने तो माणूस आपल्या हृदयाविषयी काहीही न जाणता हिंडला-फिरला, आणि चैत्रातल्या यात्रेत तासभर सनई फुंकायला उभा राहिला. त्या तासाविषयी मी आजवर कोणाजवळ सविस्तर बोललेलो नाही.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. पंधरा वर्षे बहुतांशी फळ्याकडे तोंड करून शिकवल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी एम.फिल.ला नाव घातले. नव्वदचे दशक संपत आले होते. बरोबरीचे लोक तोवर विभागप्रमुख झाले होते, आणि पुण्यात मला मार्गदर्शक म्हणून लाभलेले प्राध्यापक माझ्याहून चार वर्षांनी लहान होते. ते मला 'सर' म्हणत, मी त्यांना 'सर' म्हणे, आणि दोघेही अवघडून बसत असू.

विषय मात्र मी स्वतः निवडला होता. धावताना पाय थकतात हे कोणीही सांगेल. पण श्वास घेण्याचेही स्नायू असतात आणि तेही थकतात, हे सहसा ध्यानात येत नाही. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा, बरगड्यांमधले स्नायू, पोटाचे स्नायू यांना अडथळ्याविरुद्ध पुष्कळ वेळ राबवले की त्यांच्यात थकव्याची द्रव्ये साचू लागतात. तेथल्या बारीक मज्जातंतूंकडून मेंदूकडे तक्रार जाते. मेंदू मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो, रक्तदाब चढवतो, हृदयाला घाई करायला लावतो. कारण श्वासाच्या स्नायूंना रक्त कमी पडून चालणार नसते. सराव असलेल्या माणसात ही तक्रार उशिरा जाते का, एवढेच मला पाहायचे होते. पुण्याच्या ग्रंथालयात याविषयी वाचायला मिळाले ते थोडे होते, आणि प्रयोगशाळेतल्यासारखी यंत्रे माझ्याजवळ नव्हती. एक पाऱ्याचे रक्तदाबमापक होते, एक स्टेथोस्कोप होता, एक घड्याळ होते.

आमच्या महाविद्यालयातला एक लिपिक इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा होता. माझी अडचण ऐकून तो म्हणाला, "सर, फुंकणारा माणूस पाहिजे ना? आमच्या गावात एक म्हातारा हाय. तासभर फुंकतो. मधी श्वास घेत न्हाय."

श्वास तो अर्थातच घेत होता. सनईच्या जोडीत एकजण चीज वाजवतो आणि दुसरा नुसता एक सूर धरून राहतो. हा सूर तुटायचा नसतो. त्यासाठी गालांत हवा साठवून ती सनईच्या तोंडाशी असलेल्या पत्तीतून बाहेर ढकलत राहायचे आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत ओढायचा. ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. वरकुट्यातल्या या आबांच्या घराण्यात पूर्वी मेंढरे होती. आता तीन एकर जमीन होती, आणि मुलगा बारामतीत एका कारखान्यात पाळीवर जात होता. गावच्या देवाचा सूर मात्र आबांच्याच घरात राहिला होता. चैत्रातल्या यात्रेला देव पालखीतून ओढ्याकाठच्या विहिरीवर स्नानाला जाई आणि परत येई. पालखी उंबऱ्याबाहेर पडली की सूर सुरू व्हायचा आणि ती उंबऱ्याच्या आत परतेपर्यंत चालायचा. मध्ये तुटला तर गावाला वर्ष वाईट जाते, अशी समजूत. पूर्वी आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघे मिळून हे काम करत. एक दमला की दुसरा सूर उचलायचा. भाऊ गेल्यापासून चार वर्षे आबा एकटेच होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी प्रथम त्यांच्या अंगणात गेलो, तेव्हा मापकाची पेटी पाहून त्यांनी विचारले, "रक्त काढायचं हाय व्हय, मास्तर?"

"नाही आबा, फक्त दंडाला पट्टा बांधायचा."

शेजारी त्यांचे जोडीदार तात्या बसले होते, चीज वाजवणारे. ते म्हणाले, "काढा की रक्त. निघालं तर आमालाबी दावा. ह्या म्हाताऱ्यात फकस्त वारं हाय."

"तुझ्यात तेबी न्हाय," आबा म्हणाले. "दोन ताना मारल्या की कुत्र्यावाणी धापा टाकतंय."

त्या दोघांचे हे असे चाले आणि मी खाली मान घालून पट्टा गुंडाळत बसे. सुराच्या सनईची भोके मेणाने बुजवलेली असतात, त्यामुळे ती एका हाताने धरता येते. आबा उजव्या हाताने सनई धरत आणि डावा दंड माझ्या स्वाधीन करत. सुराच्या आवाजात स्टेथोस्कोपमधले काहीच ऐकू येत नसे. म्हणून मी त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून, पट्ट्यातली हवा सोडता सोडता नाडी पुन्हा कधी लागते ते पाही, आणि तेवढा वरचा दाब लिहून घेई. आठवड्यामागून आठवडे मी त्या मनगटावर बोटे ठेवून होतो, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

मी काय मोजतो आहे, हे एकदा तात्यांनी विचारले. मी पुस्तकी भाषेत अडखळत सांगू लागलो. श्वासाच्या स्नायूंना रक्त कमी पडले की मेंदू हातापायांकडचे रक्त कमी करतो, इथपर्यंत आलो, तेव्हा आबांनी हात वर केला.

"म्हंजी वरच्यांचा ऊस भिजायसाठी शेपटाच्या चारीचं दार पाडून पानी आडवायचं. आसंच ना?"

"असेच, आबा."

"मग येवढं काय सांगतायसा? आमी कालव्याच्या शेपटालाच हाय. जन्मभर त्येच बघतूय."

प्रयोगाला तुलनेसाठी फुंकण्याचा सराव नसलेला माणूसही हवा होता. दुसरे कोणी दर रविवारी मिळेना, म्हणून मीच तो झालो. आबांनी मला पपईचा पोकळ देठ आणून दिला आणि पाण्याने भरलेल्या तांब्यात तो बुडवून फुंकायला लावले. बुडबुडे थांबता कामा नयेत आणि नाकाने श्वासही चालला पाहिजे. त्यांची सून चुलीपाशी बसून ते पाहत होती.

"सर, बुडबुडं काढायचाबी पगार मिळतो व्हय तुमाला?" तिने विचारले.

मला हसता आले नाही, कारण तिसऱ्याच मिनिटाला माझी बोटे बधिर झाली होती आणि कानांत ठोके ऐकू येत होते. मापकातला पारा आबांच्या बाबतीत दहा मिनिटांत जेवढा हलत नसे, त्याहून अधिक माझ्या बाबतीत तीन मिनिटांत चढला. माझ्या प्रबंधाला हेच हवे होते. आबांनी मग आपल्या भावाची सनई, तीही सुराचीच, घरी सराव करायला माझ्याबरोबर दिली. बारामतीत मी दारे-खिडक्या लावून फुंकत असे. शेजाऱ्यांनी माझ्या पत्नीला विचारले की तुम्ही म्हैस घेतली का. तीन महिन्यांत सूर पाच-सात मिनिटे टिकू लागला. बरा नसे, पण टिके. एका माणसाचा सूर दुसऱ्याने कसा उचलायचा, हेही आबांनी तेव्हाच शिकवले.

"लोकर कातताना पेळूला पेळू लावत्यात तसं. पयला सुटायच्या आधी दुसरा त्यात मिसळाय पायजे. जोड दिसली की बाद."

माघातल्या एका रविवारी आबांचा पारा चढला. नेहमीच्या सातव्या मिनिटाला मी हवा सोडू लागलो, आणि नाडी एरवी जेथे लागे त्याच्या कितीतरी वरच लागली. मला वाटले, चुकले. मी पुन्हा पट्टा फुगवला. पुन्हा तेच. थंडीचा दिवस होता आणि आबांचा हात गार होता. मी थंडीलाच ते लावले. दहा मिनिटे झाल्यावर त्यांनी सनई खाली ठेवली आणि एरवीप्रमाणे लगेच काही न बोलता जमिनीकडे पाहत बसले.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारले.

"काय न्हाय. ऊन लागलं."

अंगणात ऊन नव्हते. हे मी पाहिले, आणि बोललो नाही. काय बोलणार होतो? मी डॉक्टर नव्हतो. माणूस घाबरेल, मी चुकीचा ठरेन, तात्या थट्टा करतील, असे सगळे एकदम मनात आले. घरी परतल्यावर मी उपकरण तपासले, तेव्हा पट्ट्याच्या रबरी नळीला बारीक चीर पडलेली आढळली. त्या चिरेने मला किती बरे वाटले, हे सांगायची आज लाज वाटते. मार्गदर्शकांनी सांगितलेच होते : एखादे निरीक्षण फार वेगळे पडले तर आधी उपकरण पाहा. मी नळी बदलली, आकडा पेन्सिलीने खोडला, शेरा लिहिला. नंतर महाविद्यालयाच्या परीक्षा सुरू झाल्या आणि दोन महिने मी वरकुट्याला गेलो नाही.

यात्रेच्या दिवशी निघालो तो भावाची सनई परत करायला आणि शेवटची काही निरीक्षणे घ्यायला. पिशवीत सनई, हातात मापकाची पेटी. बारामतीहून निघालेली एस.टी. इंदापूरच्या स्थानकात येऊन थांबली. वरकुट्याकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मी जागीच बसून राहिलो. चालक खाली उतरला, लोखंडी टॉमीने त्याने मागच्या टायरांवर एकेक ठोका घातला आणि एका टायरपाशी थांबला.

"ह्यातली हवा गेलीया," तो वाहकाला म्हणाला. "वॉल्व्ह गळतोय."

मी खिडकीत बसून त्या बसलेल्या टायरकडे पाहत होतो. हवा गळते तेव्हा दाब कमी होतो. माझ्या नळीला चीर होती. चिरेतून हवा गळत असताना, नाडी लागली हे माझ्या बोटांना कळेपर्यंत पारा अधिकच खाली आलेला असणार. म्हणजे खरा दाब मी खोडलेल्या आकड्याहून जास्त होता. गळक्या नळीने जास्त दाब दाखवला, असे मी, पंधरा वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने, स्वतःला पटवून दिले होते; आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते पटले नसते.

पुढची गाडी येण्याची वाट न पाहता मी बाहेर पडलो आणि वडापच्या जीपमध्ये मागे लोंबकळत वरकुटे गाठले. देवळापुढे माणसांची दाटी होती. भंडाऱ्याने जमीन पिवळी झाली होती. पालखी सजून उंबऱ्याच्या आत तयार होती, आणि आबा नवा फेटा बांधून, सनईची पत्ती ओठांत भिजवत उभे होते. त्यांचा चेहरा मला मातकट दिसला.

माणसांतून वाट काढत मी आधी तात्यांना गाठले.

"तात्या, आबांनी आज वाजवू नये."

"का? सुराचा मान घ्यायला तुमी बोली लावली काय?"

"मी चेष्टा करत नाही. त्यांचा दाब फार वाढतो आहे. आधी दवाखान्यात नेऊ. मी बरोबर येतो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. मी इतकी वाक्ये सलग बोललेली त्यांनी पूर्वी ऐकली नव्हती. ते आबांकडे वळले. आबांनी सगळे ऐकलेच होते.

"आजचा दिस न्हाय जमायचं, मास्तर."

"आबा, तात्यांची चीज नुसतीच चालू द्या. सुरावाचून."

"आन् गाव काय म्हणंल? ह्याच्या बापानं, आज्यानं तोडला न्हाय, ह्यानं तोडला." त्यांचा स्वर चढला नाही. "नाडी धरायची तर धरा. चालता चालता धरा. पन आता बोलू नका."

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "सर, दोन दिस झालं, मामांस्नी रातीला झोपच न्हाय. छातीवर वजन ठेवल्यागत हुतंय म्हणत्यात. कुणाला सांगू देत न्हाईत."

तिचा नवरा त्या दिवशीही पाळीवर होता. तिने आणखी कोणाला सांगावे? मी काही बोलायच्या आत घंटा वाजली, पालखी उंबऱ्याबाहेर आली आणि आबांनी सनई ओठांना लावली.

पेटी सुनेच्या हातात देऊन मी आबांच्या डाव्या बाजूला गेलो आणि त्यांचे मनगट धरले. लोकांना ते चमत्कारिक दिसत असणार : पालखीमागे सनईवाला, आणि त्याचा हात धरून चालणारा एक शहरी मास्तर. मागून कोणीतरी म्हणाले, "म्हातारा पळून जातोय काय?" लोक हसले. एरवी मी तेथेच हात सोडला असता.

विहिरीपर्यंत नाडी भरभर होती, पण सरळ होती. मी पावलांबरोबर ठोके मोजत होतो. चैत्रातले अकरा वाजताचे ऊन, पायाखालची माती तापलेली, समोर तात्यांची चीज रंगात आलेली. विहिरीवर देवाचे स्नान चालले तेव्हा सगळे थांबले. सूर थांबला नाही. आबांच्या गळ्याच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताठ झाल्या होत्या. नाकाने श्वास ओढताना खांदे वर येत होते. पूर्वी कधी येत नसत. श्वासाचे स्नायू थकले की माणूस खांदे उचलून श्वास घेऊ लागतो, हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर चित्र काढून दाखवत असे.

परतीला निघालो आणि पहिला ठोका चुकला. दहाएक ठोक्यांनंतर दुसरा. मग सहा-सातांनंतर. भर उन्हात त्यांचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. बोटांची टोके तर विहिरीतून काढल्यासारखी. शेपटाकडचे दार पाडले गेले होते. सगळे पाणी वर चालले होते, तरी वरच्या रानाला पुरत नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. आबांनी डोळे माझ्याकडे वळवले. सूर धरणाऱ्याला बोलता येत नाही; पण त्या डोळ्यांत नकार नव्हता. मी एवढेच पाहिले.

देऊळ अजून बरेच लांब होते. मी हात सोडला आणि पिशवीतून भावाची सनई काढली. पत्ती कोरडी होती. चालता चालता ती ओठांत भिजवली. माझे ओठ इतके थरथरत होते की पत्ती दातांवर वाजत होती. आयुष्यात मी चार माणसांपुढे गाणेही म्हटलेले नव्हते. पहिली फुंक नुसतीच वारा होऊन गेली. दुसरीही. तिसऱ्या वेळी सूर लागला, खालच्या बाजूला, बेसूर. तात्यांनी चीज वाजवता वाजवता झटकन मान वळवून पाहिले. मी ओठ आवळले, सूर वर ओढला, आणि तो आबांच्या सुरात कोठेतरी जाऊन बसला.

"आरं, हे कोन वाजवाय लागलं?" मागून एकजण ओरडला. "देवाच्या सुरात परक्याचं तोंड?"

"वाजवू द्या त्यास्नी!" सुनेचा आवाज इतका मोठा होता की पुढच्या बायकाही वळल्या. "मामांनीच शिकवलंय. गप चला."

आबांनी आणखी पाच-सहा पावले सूर सोडला नाही. माझा टिकतो का, ते पाहत असावेत. मग त्यांचा सूर बारीक होत गेला आणि माझ्या सुरात विरला. तो नेमका कधी थांबला, मला कळले नाही. ओझरते दिसले ते एवढेच की सुनेने त्यांना लिंबाखालच्या कट्ट्यावर बसवले आणि दोघातिघांनी त्यांना वेढले. मागे वळून पाहणे शक्य नव्हते.

पुढची मिनिटे किती होती, मला ठाऊक नाही. घड्याळ मनगटावर असूनही मी ते पाहिले नाही. पोटाचे स्नायू प्रथम जळजळू लागले, मग थरथरू लागले. हातांतली शक्ती ओसरली आणि पाय दुसऱ्याचे असल्यासारखे पडू लागले. कानशिलांत घण बसत होते. जे मी वहीत रकाने आखून भरत होतो, ते सगळे आता एकामागून एक माझ्या अंगात घडत होते, आणि त्याची नावे आठवून काडीचा उपयोग नव्हता. देवळाची कमान दिसू लागली तेव्हा नाकाने श्वास ओढण्याच्या घाईत माझा गाल रिकामा झाला. सूर चिरकला, पातळ झाला, एक क्षण धाग्यावर आला. तात्यांनी त्याच क्षणी आपली तान वरून खाली आणून माझ्या सुरावर टेकवली आणि मी सावरेपर्यंत तेथेच रेंगाळत ठेवली. पालखी उंबऱ्यात गेली. मी सनई काढली आणि पायरीवर बसलो; बसलो म्हणजे पाय मिटले.

"तुटला का, तात्या?" बोलता येऊ लागल्यावर मी विचारले.

तात्यांनी घाम पुसला. "तुटला न्हाय. वाकला." आणि लगेच, "उठा. म्हाताऱ्याला इंदापूरला न्यायचं हाय."

जीपमध्ये आबा सुनेच्या खांद्याला टेकून बसले होते. बोलत होते, पण थोडे. इंदापूरच्या डॉक्टरांनी त्यांना आत घेतले, पट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आबांच्या हृदयाला रक्त कमी पडत होते. ते कित्येक महिन्यांपासून असावे, असे नंतर सांगण्यात आले. पुढे काही वर्षे ते राहिले, गोळ्या घेत राहिले, आणि तात्यांच्या नातवाला पपईच्या देठाने फुंकायला शिकवत राहिले. पालखीचा सूर मात्र त्यांनी पुन्हा धरला नाही. खोडलेला आकडा मी प्रबंधात घेतला. पेन्सिलीची रेघ पुसली नाही.

पण त्या दुपारी यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. तात्या औषधे आणायला गेले होते. दवाखान्याच्या बाकावर मी आणि आबांची सून, मध्ये माझ्या मापकाची पेटी. तिने ती दिवसभर सोडली नव्हती.

"सर," ती म्हणाली, "तुमी आल्या आल्याच म्हणला, दवाखान्यात नेऊ. नाडी धरायच्याबी आधी. तुमाला कवा कळलं हुतं?"

'आज सकाळी, इंदापूरच्या स्थानकात' हे उत्तर तयार होते, आणि एका अर्थी ते खोटे नव्हते. मी पेटीच्या कडीकडे पाहत राहिलो.

"दोन महिन्यांपूर्वी, वहिनी. आकडा तेव्हाच वाढलेला आला होता. मी तो खोडला."

"का?"

"मला वाटले, मशीन बिघडले असेल. सांगायला संकोचही वाटला."

पदराचे टोक तिने बोटाला गुंडाळले आणि सोडले.

"मामांचं हात गार पडत्यात, त्ये मला दिवाळीपास्नं ठावं हाय," ती म्हणाली. "वाजवून आलं की मी च्या देती, तवा हाताला हात लागतूय. पन तुमी दर ऐतवारी मशीन लावत हुता. म्हटलं, सरांस्नी समदं कळतच आसंल, आपुन अडान्यानं मधी कशाला बोला." तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "एकदा इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की. तुमाला काय खाऊन टाकत हुतो व्हय आमी?"

आतले दार उघडले आणि कंपाउंडरने बाहेर डोकावून विचारले, "म्हाताऱ्याबरोबर कोण आहे?"

आम्ही दोघेही उठलो.